सातवी जागा

कुटुंबात माणसे किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मास्तरकीच्या नोकरीत २०११ सालच्या जनगणनेला मी घरोघर हिंडलो आहे. तेव्हा मला हे प्रथम कळले. दारात उभा असलेला कर्ता पुरुष बोटांवर माणसे मोजून देई, मी ती तक्त्यात भरी आणि पायरी उतरू लागे. एवढ्यात आतून, बहुधा स्वयंपाकघरातून, आवाज येई, "अहो, मावशींना धरलंत का?" की मी पुन्हा पेन काढी. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. पुष्कळ घरांत एक माणूस असे असते, की जे मोजून झाल्यावर आठवते. ते भांडत नाही, मागत नाही. आजारीसुद्धा इतरांच्या सोयीने पडते.

आमच्या घरातले असे माणूस म्हणजे आत्या.

सांगलीच्या गावभागात आमचे जुने दुमजली घर आहे. त्यात नाना आणि आई, मी आणि आमची सौ., थोरली मुलगी, धाकटा मुलगा, आणि आत्या असे सातजण राहतो. आत्या ही नानांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत एकटी होऊन माहेरी आली ती इथलीच झाली. मला पाटीवर अक्षरे गिरवायला तिने शिकवले आणि माझ्या मुलांनाही तिनेच. पण कुठे बाहेर जायचे ठरले, की बेत पुरता सांगून होण्याच्या आधी तिचे वाक्य ठरलेले, "तुम्ही जाऊन या. मी घर राखते." लग्न असो, मुंज असो, नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला जाणे असो, घर राखायला आत्या. आम्हां सर्वांना त्याची इतकी सवय झाली होती, की आत्याला फिरायची आवडच नाही, असे आम्ही पाहुण्यांना खुशाल सांगत असू.

मी चित्रकलेचा मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. कादंबरीत माणसे जास्त झाली तर काय करायचे, हे मला चांगले ठाऊक आहे. एखाद्या काकूला काशीयात्रेला पाठवावे, एखाद्या मामाची बदली करावी. प्रकरण सुटसुटीत होते. घरात मात्र ही सोय नाही. आणि मोटार घ्यायची म्हटली की ही अडचण एकदम दाराशी येऊन उभी राहते, कारण मोटारीला जागा असतात आणि त्या मोजलेल्या असतात. पंक्तीत एखादे पान वाढवता येते, सतरंजीवर सरकून बसता येते. मोटारीच्या बाबतीत कायदा आणि लोखंड दोन्ही आडवी येतात.

आम्हांला मोटारीची निकड पहिल्यांदा वाटली ती २०१९ च्या ऑगस्टात. कृष्णेला महापूर आला तो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. गावभागातल्या माणसाला पुराचे नवल नाही. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, आणि "तेवढं येणार नाही" हे वाक्य प्रत्येक ओट्यावर बोलले जात होते. पाणी तेवढे आले आणि आणखीही आले. आमच्या शाळेतले गणिताचे सर त्यांची छोटी मोटार घेऊन धावत आले. मोटार पाचांची, त्यात चालवणारे सर एक. पहिल्या खेपेला आई, सौ. आणि दोन्ही मुले गेली. दुसऱ्या खेपेसाठी सर परत निघाले तोवर चौकातला रस्ता पाण्याखाली गेला होता. नाना, आत्या आणि मी माडीवर राहिलो. रात्रभर खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडताना ऐकू येत होत्या. आत्याने मेणबत्ती लावली, जपमाळ काढली आणि मला म्हणाली, "बघ, मी नेहमी म्हणते ना, मी घर राखते. आज तुम्हीही राखा." दुसऱ्या दिवशी बोटीतून आम्हांला काढले. गॅलरीच्या कठड्यावरून आत्याला बोटीत उतरवताना तिचा उजवा गुडघा मुरगळला. तो तेव्हापासून दुखतो आहे.

बोटीत बसल्यावर नाना एकच वाक्य बोलले, "एका खेपेचं काम होतं."

पुढे घराची डागडुजी आली, करोनाची दोन वर्षे आली, कर्जाचे हप्ते आले. ते फिटले तेव्हा, म्हणजे गेल्या वर्षी, मोटारीचा विषय पुन्हा निघाला. हाताशी चार लाख रुपये होते. त्यात नवी मोठी गाडी येत नाही, हे सांगायला मॅट्रिकच्या पुढचे गणित लागत नाही. शाळेतल्या सगळ्यांचा सल्ला एकच पडला: त्या पैशांत पाच जागांची छोटी, कमी वापरलेली गाडी घ्या, पेट्रोल कमी खाते, बोळात वळते, सातजण काय रोज थोडेच जाणार आहात? सल्ला शहाणपणाचा होता. मी तो घरी येऊन सांगितला. सौ. भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पाचांची गाडी घेतली तर दर वेळी दोघांना घरी कुणाला ठेवायचं ते ठरवावं लागेल. ते मी काही ठरवणार नाही. तुम्ही ठरवा."

हा प्रश्न त्यापूर्वी आमच्या घरात कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. कारण तो विचारायच्या आधीच त्याचे उत्तर देणारे एक माणूस घरात होते. आत्या तेव्हा देवघरात वाती वळत होती. तिला ऐकू गेले की नाही कोण जाणे.

ठरले ते असे, की गाडी जुनी चालेल, पण सात जागांची हवी.

वाचकहो, सात जागांची जुनी गाडी शोधणे हे मुलीला स्थळ पाहण्यासारखे आहे. जे आवडते ते परवडत नाही आणि जे परवडते त्याचे कुळ-मूळ शोधावे लागते. या कामी आम्हांला एक जाणकार भेटले: मिरजेतले एक मिस्त्री. त्यांनी पैसे घेतले ते प्रत्येक गाडी पाहण्याचे, गाडी ठरवण्याचे नव्हे. "म्हणजे मला खोटं बोलायचं कारण उरत नाही," असे ते म्हणाले. व्यवहारातली इतकी सरळ गोष्ट मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

पहिली पाहिली ती ओम्नी. नानांचा जीव ओम्नीवर. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये ती बनायची बंद झाली. म्हणजे पस्तीस वर्षे तिने देशातली लग्ने, दुकाने, शाळा आणि दवाखाने वाहिले. तिची सोय खरोखर मोठी. सरकते दार असल्यामुळे बोळात भिंतीला खेटून उभी केली तरी उतरता येते. तळ सपाट. इंजिन चालकाच्या आसनाखाली असल्यामुळे पुढे नाकच नाही. सगळी लांबी माणसांच्या कामी येते. नाना म्हणाले, "हिच्यात आत्या वाकल्याशिवाय बसेल." ते खरे होते. पण जी सोय तीच गैरसोय. थोरली कॉलेजात जाते आणि हल्ली कुठलीही गोष्ट विचारून, तपासून घेते. तिने गाडीच्या पुढून एक फेरी मारली आणि म्हणाली, "नाना, समोरून काही आलं, तर त्याला पहिलं अडवणार ते आईचे गुडघे." आमच्या घरी गाडी सौ. चालवणार होती, कारण मला चालवता येते एवढेच. नाना गप्प बसले. शिवाय ती ओम्नी होती २००९ सालची. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, वर पर्यावरण कर निराळा. म्हणजे गाडी स्वस्त दिसते ती तिच्या वयामुळे, आणि वयाचा खर्च मागून येतो. माणसांचेही असेच असते. पण माणसे आपण विकत घेत नाही.

दुसरी इको. ही २०१० साली आली. ओम्नीपेक्षा इंजिन मोठे, सरकती दारे तशीच, जागा भरपूर. आम्ही पाहिलेल्या सात जागांच्या गाडीत थंड हवेची सोय नव्हती. सांगलीच्या एप्रिलात ती उणीव लहान नाही, पण आम्ही एस.टी.त वाढलेली माणसे. थोरलीने मात्र पुन्हा कागद काढला. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था मोटारी भिंतीवर आदळून त्यांना तारे देते. २०१६ साली तिने तपासलेल्या इकोला, जिच्यात एअरबॅग नव्हती, एकही तारा मिळाला नव्हता. आपल्याकडे चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या माणसासमोरची त्याच्याही नंतर. त्याआधीची गाडी घ्यायची तर ती एअरबॅग आहे की नाही, हे त्या-त्या गाडीचा प्रकार पाहून ठरवावे लागते. महागड्या प्रकारात असे, स्वस्तात नसे. आई म्हणाली, "म्हणजे जीवसुद्धा वरच्या दर्जाचा आणि खालच्या दर्जाचा असतो का गं?" थोरलीला उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही.

येथे आमच्यापुढे खरा पेच पडला, आणि तो कुणा एकाच्या हट्टाचा नव्हता. ज्या गाड्यांत आत्याला सहज चढता येत होते, त्यांत थोरलीला भीती वाटत होती; आणि ज्या गाड्या थोरलीला भरवशाच्या वाटत, त्यांत सातव्या माणसाला पोचायला सर्कशीतले अंग हवे होते. कंपनीने 'सात जागा' म्हटले म्हणजे त्या सातही सारख्या नसतात. शेवटच्या ओळीत जायला मधले आसन पुढे ढकलून, अंग चोरून, एक पाय उचलून आत शिरावे लागते. तिथे कोण बसणार? जो तक्रार करणार नाही तो. म्हणजे पुन्हा आत्याच! गाडीत जागा मिळावी म्हणून सात जागांची गाडी घ्यायची आणि सातवी जागा अशी असावी, की आत्याने ती पाहूनच म्हणावे, "तुम्ही जाऊन या." हा तर पहिल्यापेक्षा वाईट प्रकार झाला असता.

मधल्या काळात स्वस्तात मोठी गाडी मिळवण्याचे जे-जे मार्ग असतात ते सर्व आम्ही पाहिले. एका दलालाने चकचकीत सात सीटर दाखवली. किंमत बाजारभावापेक्षा लाखभराने कमी, आत नवे कोरे कव्हर आणि गुलाबाच्या अत्तराचा घमघमाट. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. मागच्या सीटवर बसून त्यांनी सीटबेल्ट ओढला. ओढत गेले, अगदी शेवटपर्यंत. रोज जेवढा पट्टा बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा हातभर भाग मातकट, आणि तिथे पाण्याची सरळ रेघ. मग त्यांनी स्टेपनीच्या खळग्यात हात घातला. बोटांना बारीक वाळलेला गाळ लागला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तो गाळ मी ओळखला. आमच्या माजघरातून मी तो पाट्या-पाट्यांनी काढला होता. मिस्त्री दलालाला एवढेच म्हणाले, "कव्हर बदलता येतं भाऊ, पट्टा कोण धुवत नाही." सांगली-कोल्हापूरकडे जुनी गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: अत्तर फार असेल तर आधी पट्टा ओढावा. सीटखालच्या स्क्रूंचा गंज पाहावा, दिव्यांच्या काचांत आतून धुके धरले आहे का पाहावे. पाणी ओसरते, पण विजेच्या तारांच्या जोडांतला गंज वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि नेमका घाटात प्रकट होतो.

आणखी एक मिळाली ती चिकोडीकडची, केए-२३ क्रमांकाची. सीमेलगतच्या आपल्या भागात अशा गाड्या पुष्कळ. ती स्वस्त का, याचे उत्तर साधे होते: बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवायची, तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणून आपल्याकडे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि आपला कर भरावा लागतो. हे सगळे जमेस धरले, की स्वस्ताई संपते. इनोव्हाही पाहिली. २००५ पासून ही गाडी आपल्या रस्त्यांवर आहे. दाराशी उभी राहिली की घराला वजन येते. पण चार लाखांत जी मिळते तिने आधी किती प्रवासी वाहिले असतील, याचा अंदाज काट्यावरच्या आकड्यापेक्षा ब्रेकच्या पायपट्टीचे रबर जास्त खरा सांगते. काटा सांगत होता सत्तर हजार. रबर झिजून लोखंड दिसत होते. आणि एक परदेशी कंपनीची गाडी फारच देखणी, फारच स्वस्त होती. पण त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस आपल्याकडची विक्रीच थांबवली. "हिला काही झालं तर माहेर नाही," मिस्त्री म्हणाले. आत्या त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हती, ते बरे झाले.

शेवटी जी मिळाली ती विश्रामबागेत. एर्टिगा, पेट्रोलवरची, २०१४ ची. एर्टिगा आपल्याकडे २०१२ साली आली, म्हणजे ही पहिल्या पिढीतली. प्रकार वरचा, त्यामुळे पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग. मालक बँकेतून निवृत्त झालेले, पहिलेच. सकाळी सातला या, असे मिस्त्रींनीच त्यांना कळवले होते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहायचे असते, कारण गरम इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू केल्यावर मागून निळा धूर आला नाही. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २२१४ होते. म्हणजे २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेले टायर. नक्षी अजून शाबूत, पण दहा वर्षांत रबर कडक होते. "गाडी कमी फिरली आहे, खरं आहे, पण टायर चारही नवे," मिस्त्रींनी निकाल दिला आणि त्याची रक्कम किमतीतून वळती करून घेतली.

मी त्या गृहस्थांना विचारले, का विकता? ते म्हणाले, "घेतली तेव्हा आम्ही सातजण होतो." आणखी काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, त्यांनी सांगितले: आईवडील गेले, मुलगा-सून नातवाला घेऊन परदेशी स्थायिक झाली. "दोघांसाठी एवढी गाडी काढायची म्हणजे मागे सगळं रिकामं हलत असतं हो." मागच्या सीटच्या फटीत धाकट्याला एक गोटी सापडली. त्याने ती परत द्यायला हात पुढे केला. बाईंनी ती घेतली, पाहिली आणि पुन्हा त्याच्याच हातात ठेवली.

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. सौ.ने सांगितले, आत्या बसून पाहिल्याशिवाय व्यवहार नाही. आत्याला आणायला गेलो तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" तरी आली. दार उघडले. पुढे नाना, चालवायला सौ.; मधल्या ओळीत डावीकडे आत्या, मधे मी, उजवीकडे आई; मागे दोन्ही मुले, ज्यांचे गुडघे अजून देवाच्या दयेने दुमडतात. मुलांनी आधी मधले आसन सरकवून मागे जायचे, मग मोठ्यांनी बसायचे, असा क्रम लावला, म्हणजे मोठ्यांना पुन्हा उतरायला नको. आत्याने आधी आसनाला पाठ केली, बसली आणि मग एकेक पाय उचलून आत घेतला. पलंगावर बसावे तसे. आसन तिच्या पलंगाइतकेच उंच होते. उजवा गुडघा दुमडताना ती नेहमी दातांवर दात दाबते. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने दात दाबले नाहीत. तिने काचेवर हात ठेवला आणि विचारले, "ही खाली होते का?"

गाडी तिथेच ठरली.

पुढचे तीन आठवडे कागदांचे. नोंदणीपुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटले होते, नोंद काढायची राहिली होती. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांनी ती निघाली. मग नाव बदलण्याचे नमुने २९ आणि ३०. दंडाची जुनी चलने बाकी नाहीत ना, ते पाहिले. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यायचा असतो. आधीच्या मालकाला अपघात न केल्याबद्दल मिळालेली सवलत मात्र त्याच्याकडेच राहते, ती गाडीबरोबर येत नाही. पुण्य आपले आपणच मिळवायचे, असा त्याचा अर्थ नानांनी लावला. पंधरा वर्षांच्या हिशेबाने नोंदणी २०२९ पर्यंत आहे. निघताना मिस्त्रींनी दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी दाखवली: माणसे पुरी भरली की टायरमध्ये हवा किती, ते तिथे लिहिलेले असते. "दोघं बसतात त्या हवेवर सातजण घाट उतरू नका," ते म्हणाले.

गाडीत उणिवा आहेत. सातही जागा भरल्या की मागे सामानाला १३५ लिटर जागा उरते, असे कंपनीचे म्हणणे. लिटरांनी सामान मोजायची आम्हांला सवय नाही; आईने ती जागा फराळाच्या डब्यांनी मोजली: चार डबे आणि एक पिशवी. बाकीचे मांडीवर. बोळात वळवताना सौ.ला दोनदा मागेपुढे करावे लागते आणि शेजारचे आजोबा ओट्यावरून हात हलवून मदत करतात, त्यामुळे तीनदा करावे लागते.

दिवाळीत भाऊबीज झाली. आत्याने नानांना ओवाळले. नानांनी ताटात नेहमीप्रमाणे पाकीट ठेवले. संध्याकाळी बेत ठरला: दुसऱ्या दिवशी पहाटे निघून आंबा घाटाने कोकणात, माझ्या मामांकडे. बेत पुरता सांगून झालाही नव्हता, तोच आत्या म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घर—"

"आत्याआजी," थोरली म्हणाली, "तुझी जागा डावीकडची आहे. खिडकीची. तू आली नाहीस तर मधे ती रिकामी हलत राहील."

आत्या काही बोलली नाही. रात्री तिच्या ट्रंकेचे झाकण उघडल्याचा आवाज मात्र आला.

पहाटे सगळे तयार होऊन अंगणात उभे राहिलो. मुले मागे शिरली, डबे लागले, नानांनी पुढे बसून पट्टा लावला. आणि मग लक्षात आले, की घराला कुलूपच नाही. जुन्या दाराला आतून अडसर आहे, बाहेरून कडी आहे; पण कुलूप कुणी कधी पाहिलेले नव्हते. नानांना आठवत नव्हते, आईला आठवत नव्हते. इतक्या वर्षांत ते कधी लागलेच नव्हते. पूर आला तेव्हाही आम्ही दारातून नव्हे, गॅलरीतून बाहेर पडलो होतो.

उजाडेपर्यंत आम्ही सातजण गाडीत बसून राहिलो. कोपऱ्यावरचे दुकान उघडल्यावर धाकट्याने पळत जाऊन पितळी कुलूप आणले. ते कुणी लावायचे यावर चर्चा झाली नाही. आत्या उतरली, तिने कडी घातली, कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली कनवटीला खोचली. जयसिंगपूर येईपर्यंत तिने ती तीनदा चाचपून पाहिली, कोल्हापूरच्या पुढे एकदा. आंबा घाट सुरू झाला तशी तिने काच खाली केली, दरीकडे तोंड केले. आणि मग किल्लीची तिला आठवण राहिली नाही.